रुपया कोणत्या दिवशीचा धरायचा?

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण तो घरातूनच निघाला आहे म्हणून लिहिते.

१९८८ साली ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी अमेरिकेतल्या भावजींनी दोन हजार डॉलर पाठवले होते. डॉलर तेव्हा चौदा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आमच्या हातात आले अठ्ठावीस हजार. ह्यांनी वहीत नोंद केली, "उसने". हे गेले, वही राहिली. गेल्या दिवाळीत फोनवर मी विषय काढला तर भावजी हसले. म्हणाले, "वहिनी, फारच मनाला लागत असेल तर अठ्ठावीस हजार द्या आणि विसरून जा." मला काही ते पटलं नाही. त्यांनी रुपये कुठे पाठवले होते? तिथे जादा पाळ्या करून साठवलेले डॉलर पाठवले होते. आज डॉलर पंचाऐंशीच्या वर आहे. अठ्ठावीस हजारांत साडेतीनशे डॉलरही यायचे नाहीत.

माझी भाची मुंबईत वकिली करते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, ह्याच प्रश्नावर सुप्रीम कोर्टात चाळीस वर्षं वाद चाललाय!" मग तिने मला दोन दुपारी बसवून शिकवलं. (शिकवणारीला शिकवताना तिला फार मजा आली.)

प्रकरण असं असतं. आपली एक कंपनी आणि परदेशातली एक, यांचं भांडण लवादाकडे जातं. लवाद पॅरिसला वगैरे बसतो आणि निवाडा देतो की इतके डॉलर किंवा इतके युरो द्या. आपली कंपनी देत नाही. मग जिंकलेला पक्ष वसुलीसाठी आपल्या कोर्टात येतो. इथे हिशेब रुपयांत. पण रुपया कोणत्या दिवशीचा? पैसे देणं झालं तेव्हाचा, दावा लावला तेव्हाचा, निकालाचा, की प्रत्यक्ष हातात पडतील त्या दिवसाचा?

तीस वर्षं मी सातवी-आठवीला व्याज शिकवलं. मुद्दल, मुदत, द. सा. द. शे. आमच्या गणितात रुपया जागचा हलत नसे. इथे मुद्दलच रोज हलतं.

१९८३ साली फोरासोल ही फ्रेंच कंपनी आणि ओएनजीसी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे सगळे दिवस एकेक करून तपासले. न्या. मादन, आपल्या मुंबई हायकोर्टाचे आधीचे मुख्य न्यायाधीश, यांनी निकालाचा दिवस धरला. पुढे रेणुसागर आणि जनरल इलेक्ट्रिकच्या प्रकरणात हा नियम किती जड पडतो ते दिसलं. लवादाचा निवाडा १९८६चा, मुंबई हायकोर्टाचा निकाल १९८८चा आणि सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर १९९३चा. डॉलर तोवर चौदावरून एकतीसवर गेला होता. लढत राहणाऱ्याचं देणं नुसतं बसल्या बसल्या दुपटीच्या वर गेलं. शिवाय व्याजावर व्याज हे आपल्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, ही तक्रारही कोर्टाने ऐकली नाही.

मला सगळ्यात आवडला तो २०२४चा निकाल. डीएलएफ आणि क्रोएशियाची कोंचार कंपनी, निवाडा २००४चा, युरोत. कोर्ट म्हणालं, हरकती कायमच्या फेटाळल्या गेल्या त्या दिवसाचा, म्हणजे २०१४चा दर धरा. पण डीएलएफने २०१० साली साडेसात कोटी कोर्टात भरले होते आणि हमी देऊन ते उचलायची कोंचारला मुभा होती. तेवढ्या रकमेला दर २०१०चाच. हे मला अगदी न्याय्य वाटतं. ज्याने पैसे पुढे केले त्याच्या डोक्यावर घसरत्या रुपयाचं ओझं का? आणि ज्याने केले नाहीत त्याची सुटका तरी का?

माझी हरकत एवढीच, की २०१४ नंतरचं काय? उरलेल्या पैशांसाठी त्यानंतरही दहा वर्षं वाद चालला, आणि तेवढ्या काळातली घसरण जिंकलेल्याच्या माथी. इंग्लंडमध्ये १९७५ साली मिलियांगोस खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने वसुलीला परवानगी मिळते तो दिवस धरला. माझं मन तिकडे झुकतं. पण फोरासोलमध्ये सांगितलेली अडचणही खरी आहे, जप्ती काय किंवा तारण काय, आकडा ठरलेला नसेल तर कोर्टाने करायचं काय? "उत्तर अंदाजे" असं लिहिणाऱ्याला मीही कधी पुरे मार्क दिले नाहीत.

आता व्याज. इथे लोक हमखास चुकतात. रुपयाच्या ठेवीवर व्याज जास्त मिळतं त्यातलं थोडं तरी रुपयाच्या घसरणीचंच असतं. म्हणजे दर आजचा लावून वर रुपयाच्या दराने व्याजही घेतलं, तर घसरण दोनदा वसूल झाली. २०१८ साली वेदांता आणि एका चिनी कंपनीच्या प्रकरणात लवादाने रुपयांच्या आणि युरोच्या, दोन्ही रकमांवर नऊ टक्के लावले होते. न्या. चंद्रचूड यांच्या निकालाने युरोच्या भागावर लायबोर अधिक तीन टक्के इतकंच ठेवलं. लायबोर आता बंद झाला आहे, पण ज्या चलनाचं देणं त्या चलनाचं व्याज, हे काही त्याच्याबरोबर बंद होत नाही.

हे ऐकल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. अठ्ठावीस हजारांवर नऊ टक्क्यांनी सदतीस वर्षांचं चक्रवाढ, तर रक्कम पावणेसात लाखांच्या वर जाते! दोन हजार डॉलर आजच्या दराने धरले तर एक लाख सत्तर हजारांच्या वर. पहिला आकडा पाहून मला घाम फुटला, खोटं कशाला बोलू. पण घाम फुटला म्हणून दुसरा निवडलेला नाही. उसने डॉलर होते, म्हणून डॉलर. डॉलरचं व्याज लावायचं की नाही यावर अजून अडले आहे. न लावणं बरोबर नाही, आणि लावलं तर भावजी वर्षभर बोलायचे नाहीत.

तेव्हा भावजी, मुद्दल तुमच्या पुण्याच्या खात्यात सोमवारी भरलं आहे. दर सोमवारचा. त्यापुढे डॉलर चढला तर माझी जबाबदारी नाही. व्याजाचं काय ते फोन करून सांगा, आणि हसू नका.