विसण

आमच्या घरची नरकचतुर्दशीची आंघोळ खांबला होते. मुंबई-गोवा रस्त्याने नागोठणे मागे टाकले, की कोलाडच्या अलीकडे हे गाव. (रस्त्याविषयी सणासुदीला मी काही बोलत नाही.) काकू पहाटे चारला तांब्याचा बंब पेटवते. त्या धुराने डोळे चुरचुरले, म्हणजे मला दिवाळी आल्यासारखी वाटते.

यंदा चुलतभावाने गच्चीवर सौरबंब बसवला होता. लाकडे फोडायची कटकट गेली, म्हणून स्वारी खुशीत. पण माझी पुतणी नळाखाली थर्मामीटर धरून उभी! ती मुंबईला एका इस्पितळाच्या जंतुशाळेत असते.

"काका, बेचाळीस अंश," ती म्हणाली. "आपल्या अंगाला बरं, आणि जंतूंनाही बरं."

एरवी मी तिची थट्टा केली असती. यंदा केली नाही. ओटीवर माझे काका शाल पांघरून बसले होते.

गेल्या पावसाळ्यात काकांना दम्यासाठी शहरातल्या एका इस्पितळात ठेवले होते. आठ दिवसांत उतार पडला, घरी सोडायचे ठरले आणि नवव्या दिवशी सणकून ताप भरला. न्यूमोनिया! नेहमीची औषधे झाली, ताप हटेना. काका असंबद्ध बोलू लागले. एका तरुण डॉक्टरीणबाईंना शंका आली. त्यांनी लघवी तपासायला पाठवली आणि रोगाचे नाव कळले : लिजनेला. औषध बदलले, म्हणून यंदा काकांच्या अंगाला तेल लागणार.

हा जंतू १९७६ साली गाजला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' संस्थेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर १८२ जण आजारी पडले, त्यांतले २९ दगावले. कारण सापडायला १९७७ चा जानेवारी उजाडला. पुढे १९८५ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डच्या इस्पितळात याच रोगाने २८ माणसे गेली. तिथे जंतू हवा गार करणाऱ्या यंत्रणेच्या पाण्यात होता. बरे व्हायला गेलेली माणसे ती!

पुतणीने मला नीट समजावले. हा जंतू सहसा पिण्याच्या पाण्यातून बाधत नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासाबरोबर छातीत गेले, की बाधतो. एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा होत नाही. पेनिसिलीनच्या कुळातली औषधे त्याला लागू पडत नाहीत. त्याला आवडते कोमट आणि साचलेले पाणी : पंचवीस ते पंचेचाळीस अंशांचे. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात तो बिऱ्हाड करतो. धडधाकट माणसाला धोका थोडा. म्हाताऱ्याला, दमेकऱ्याला मोठा.

काकांची खोली रंगकामासाठी दीड महिना बंद होती. तिथल्या शॉवरखाली पहिली आंघोळ काकांची! शिवाय प्राणवायूच्या नळीला जी बुडबुड्यांची बाटली असते, तीत आयाबाई नळाचेच पाणी भरत. मी समोर बसून पाहत होतो. मला काय ठाऊक? त्या बाटलीत निर्जंतुक पाणीच हवे. पुढे दोन्ही ठिकाणी जंतू सापडला.

"मग इस्पितळानं करायचं काय?" मी विचारले.

"गरम पाणी टाकीत साठ अंशांवर ठेवायचं. नळाशी पन्नासाच्या खाली येऊ द्यायचं नाही. न वापरलेले नळ आठवड्याला सोडून द्यायचे, कुठंच न जाणारे नळाचे तुकडे कापून टाकायचे. गार पाणी वीस अंशांच्या आत हवं. पण कोकणात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत ते कुठून येणार? तिथं क्लोरीन सांभाळायचं. आणि नमुने तपासायचे. हा जंतू साध्या खाद्यावर वाढत नाही, कोळसा घातलेलं काळं खाद्य लागतं. निकालाला दहाएक दिवस जातात. म्हणून रोजची तापमानाची वही महत्त्वाची."

काकांच्या इस्पितळाच्या दिवाणखान्यात संगमरवर होता, कारंजे होते. वही नव्हती.

"पण साठ अंशांनी माणूस भाजेल की!" चुलतभाऊ म्हणाला.

"म्हणून गार पाणी नळाच्या तोंडाशी मिसळायचं, टाकीत नाही."

काकू इतका वेळ उटणे कालवत होती. "म्हणजे विसण," ती म्हणाली. "बंबात कढत, हंड्यात गार, आणि विसण बादलीत. यात नवीन काय गं?"

पुतणी गप्प झाली. मग चुलतभावालाच लाकडे फोडायला पाठवले. बंब धडधडला, काकांची बादली भरली, काकूने वाफेवर हात धरला.

"विसण किती घालू?"

"तिला विचार," काका पुतणीकडे बोट दाखवून म्हणाले, "थर्मामीटर तिच्याकडे आहे."