विंचू उतरला म्हणजे काय?

मध्यंतरी अलोऱ्याला घरी गेलो होतो. आरोग्यसंवाद या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी माझी भाचीही आलेली होती. तिने प्रकल्पासाठी केलेले भित्तिपत्रक दाखवले: ‘विंचूदंश झाल्यास मांत्रिकाकडे जाऊ नका, त्वरित रुग्णालय गाठा.’ भाषा शुद्ध, रंग ठसठशीत, गुणही उत्तम. माझ्या आईने ते वाचले आणि सहज विचारले, “अगो, पण विंचू उतरल्यावर दवाखान्यात कशाला जायचं?”

या प्रश्नाचे उत्तर पत्रकात नव्हते. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी कोयना प्रकल्पाची वसाहत झाली तरी पडवीतल्या लाकडांच्या राशीतले विंचू काही हटले नाहीत, आणि विंचू ‘चढतो’ व ‘उतरतो’ ही भाषाही हटली नाही. उतरला म्हणजे कळ थांबली, एवढाच तिचा अर्थ.

गोम इथेच आहे. अलोऱ्याहून चिपळूण, खेड करत कशेडी घाट ओलांडला की महाड लागते. त्या तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले आणि धोक्याची पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली: उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीने तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आले. मात्र गोळी वेळेत पोटात जायला हवी. आणि ज्याला विषाची बाधा गंभीर, त्याला दंशाच्या जागी पुष्कळदा फारशी कळ नसते. असह्य ठणका असणारा बहुधा आपोआप बरा होतो.

म्हणजे मांत्रिक दोन्हीकडून जिंकतो. ठणक्याचा रुग्ण कालांतराने बरा होतो, श्रेय मंत्राला. ज्याला कळच नाही, त्याचा विंचू ‘उतरला’ म्हणून तो घरी जातो. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरते, तेव्हा त्या मृत्यूचा संबंध मंत्राशी कोणी जोडत नाही. हे अज्ञान नव्हे. डोळ्यांनी पाहिलेल्या अनुभवातून काढलेला चुकीचा निष्कर्ष आहे. त्याच्यासमोर ‘जाऊ नका’ हा उपदेश लुळा पडतो.

सिद्धांत निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. भाचीच्या वहीत चौकटी व बाणांनी काढलेले ‘आरोग्यविश्वास प्रतिमान’ होते. ते जन्मले कसे? १९५० च्या दशकात, क्षयाच्या क्ष-किरण तपासणीला लोक का येत नाहीत, असा प्रश्न अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांना पडला, त्यातून. तेथे प्रश्न आधी आला, चौकटी मागाहून. आपण चौकटी पाठ करतो आणि प्रश्न विचारणारी आजी परीक्षेच्या बाहेर राहते. माझे तर मत असे, की या अभ्यासक्रमाचे पहिले सत्र नुसते शब्द गोळा करण्यात जावे: काय ‘चढते’, काय ‘उतरते’, काय ‘बाहेरचे’ असते. (पत्रके रंगवायला दुसरे सत्र आहेच.)

भाचीने पत्रक पुन्हा लिहिले: ‘विंचू चावला की लगेच दवाखान्यात आणा. कळ थांबली तरी घाम, उलटी, थंड हातपाय असतील तर विंचू उतरलेला नाही.’ मजकूर फार लांबला, असा शेरा मिळाला. आईने मात्र ते पडवीतल्या खांबाला लावून ठेवले आहे.