शिलेदाराचें स्वातंत्र्य

इतिहासांत सेनापतींचीं नांवें राहतात. पदरचा घोडा व पदरचें हत्यार घेऊन आपखुषीनें आलेला स्वार मात्र क्वचितच आढळतो. तथापि यादवीच्या प्रसंगीं, म्हणजे भाऊबंदांच्या युद्धांत, पारडें पुष्कळदां तोच फिरवितो. स्वयंसेवक होण्याची हौस प्रत्येक शाळेंत असते. त्या शब्दाचा भार केवढा, हें कळण्यासाठीं या स्वाराचा विचार विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा, असें आम्हांस वाटतें.

मराठ्यांच्या घोडदळांत सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. घोडा मेला तर शिलेदाराची पुंजी बुडे. म्हणून ऐन गर्दींत तो घोड्यास जपे. शिवाय जो आपखुषीनें आला, तो आपखुषीनें जाऊंही शके. हें ओळखून शिवछत्रपतींनीं पागा बळकट केली, २५ बारगिरांवर एक हवालदार नेमिला, आणि शिलेदारांस पागेच्या आधीन ठेविलें. शौर्याला त्यांनीं शिस्तीचा लगाम घातला.

हा लगाम सैल झाल्यावर काय होतें, हें पुढें दिसून आलें. इ. स. १७०७ मध्यें औरंगजेब वारला आणि शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले. इकडे राजाराम महाराजांच्या मागें सात वर्षें ताराबाईंनीं मोंगलांशीं झुंज चालविली होती. धनी कोण, हा प्रश्न प्रत्येक स्वारापुढें उभा राहिला. त्याच वर्षीं भीमेकांठीं खेडजवळ दोन्ही पक्ष समोरासमोर आले. शाहू महाराज खरे कीं तोतये, याची खात्री होतांच ताराबाईंचे सेनापति धनाजी जाधव शाहूंस मिळाले, असें बखरी सांगतात. लढाईचा निकाल तेथेंच लागला.

पुढें त्यांचे पुत्र चंद्रसेन यांनींही पक्ष बदलला. १७११ मध्यें श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांशीं त्यांचा तंटा झाला; तेव्हां ते ताराबाईंकडे व पुढें निजामाकडे गेले. पित्यानें चौकशी करून धनी निवडला. पुत्रानें रुसव्यापायीं सोडिला. बाहेरून दोन्ही कृत्यें सारखीं दिसतात. आमच्या मतें त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. असल्या रुसव्याफुगव्यांनीं ती यादवी १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत, २४ वर्षें, धुमसत राहिली. उलट १७१४ मध्यें बाळाजीपंतांनीं कान्होजी आंग्र्यांस लढाईवांचून शाहूंकडे वळविलें, ही गोष्ट कोंकणवासीयांनीं विसरूं नये.

आतां दूरदेशचें एक उदाहरण पाहूं. अमेरिकेंतील यादवींत (१८६१-६५) कर्नल वाइल्डर यांच्या हाताखालीं स्वयंसेवकांच्या पायदळ पलटणी होत्या. घोड्यावर बसावें कीं नाहीं, याविषयीं १८६३ मध्यें शिपायांचींच मतें घेतलीं. एका पलटणीनें नकार दिला, तिच्या जागीं दुसरी आली. सात बारांच्या बंदुकींसाठीं पुष्कळांनीं आपल्या पगारांतून पैसे फेडण्याचें लिहून दिलें. घोड्यावरून दौडत जावें आणि पायउतार होऊन लढावें, अशी त्यांची रीत. जणूं शिलेदाराचा घोडा आणि आमच्या दक्षिण कोंकणच्या हेटकऱ्याची बंदूक एकत्र आली! २४ जून १८६३ रोजीं टेनेसी प्रांतांतील हूव्हर खिंड त्यांनीं अशीच काबीज केली. मत त्यांनीं एकदां दिलें. त्यानंतर हुकूम मानिला.

कोणी म्हणेल, हुकूमच मानावयाचा, तर तो स्वयंसेवक कसला? आम्ही म्हणतों, स्वातंत्र्य निवड करतांना वापरावें. निवडीनंतर तें कर्तव्यास वाहावें. धनी अन्यायी निघाला तर त्यास सोडणें हाही धर्म आहे. परंतु मानापमानासाठीं सोडणें हा धर्म नव्हे. वाइल्डरच्या स्वारांसाठीं घोडे त्या मुलखांतील शेतकऱ्यांच्या गोठ्यांतून ओढून आणिले होते, हेंही ध्यानांत असावें; शूरांच्या हौसेचें मोल बहुधा गरीब रयतच देते.

विद्यार्थ्यांनो, पथकांत नांव घालण्यापूर्वीं विचार करा, वडील माणसांस विचारा, वाटल्यास नकार द्या. परंतु एकदां नांव घातलें, तर नायकाशीं खटका उडाला म्हणून पथक सोडूं नका. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलगा रुसून घरीं आला तर त्याच्या शौर्याची वाखाणणी करण्याआधीं त्याच्या रुसण्याचें कारण विचारावें.