झाकणानं मोजून मेंढीला जंताचं औषध पाजू नका



आपल्या लोहारा भागात मृगाच्या सुमारास सगळ्या कळपाला एकदमच जंताचं औषध पाजायची रीत आहे. बऱ्याच मेंढ्या फळतात त्याही याच दिवसांत. धोका इथंच आहे.

अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतले बारीक धागे बनू देत नाही. पेशीचे दोन भाग होताना हेच धागे गुणसूत्रं दोन्हीकडे वाटून देतात. असे धागे मेंढीच्या पेशीतही असतात. बरोबर मात्रेत औषधाचा मारा मुख्यतः जंतावर होतो. पण मात्रा वाढली, किंवा मेंढी नुकतीच गाभण असली, तर गर्भाला इजा होऊ शकते, कोकरू व्यंग घेऊन जन्मू शकतं. म्हणूनच गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात हे औषध देऊ नये असं सांगतात.

हे नुकसान तपासता येतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यात औषध घालतात. वाटणीत एखादं गुणसूत्र मागं राहिलं, तर पेशीत मुख्य केंद्रकाशेजारी बारीक ठिपका दिसतो. असे ठिपके मोजतात. हीच मायक्रोन्यूक्लियस चाचणी.

पण ही चाचणी औषध नेमकं मोजून होते. आपण झाकणानं पाजत असू, तर तिचा निकाल आपल्या काय कामाचा? २.५ टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम अल्बेंडाझोल असतं, १० टक्क्यांच्या औषधात १००. झाकण तेच, मात्रा चौपट! कमी पाजलं तरी घाटाच: जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

याचा अर्थ औषध बंद करा असा नाही. हिमोंकस जंत रक्त पितो. पापणी आतून पांढरी पडली, जबड्याखाली सूज आली, तर वाट पाहू नका.

आमचं म्हणणं एवढंच:
१) आधी लेंडी तपासून घ्या.
२) मेंढीचं वजन करा, बाटलीवरची टक्केवारी वाचा, सिरिंजनं मोजून पाजा.
३) फळलेल्या मेंढ्यांना खूण करा. त्यांना कोणतं औषध चालेल, ते पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा.

आणि प्रत्यक्ष चरणाऱ्या कळपांचीही अशी रक्ततपासणी व्हावी. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कंपनीनं तिथं मागणी करावी आणि आपण नमुने द्यायला तयार राहावं. कोकरू आपलं आहे, विचारायचंही आपणच.