गाडीचे पोचे आणि मोबाईलवरचे उपाय

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. जुनी गाडी विकायला काढली आहे, खरिपाचं खत-बियाणं त्यातून करायचंय. गिऱ्हाईक आलं, तीन पोचे बोटानं दाखवले आणि आठ हजार कमी बोललं. मोबाईलवर तर जो तो पाच मिनिटांत पोचा काढून दाखवतो. म्हणलं बघू करून.

मागचा बंपर विहिरीच्या कठड्याला लागून आत गेला होता. चुलीवर पातेलंभर पाणी उकळून त्यावर ओतलं, हातात जाड फडकं घेऊन आतून दाबलं, लगेच गार पाणी मारलं. जागच्या जागी बसला! बंपर प्लास्टिकचा, गरम झाला की मऊ पडतो, गार झाला की धरून राहतो.

मागच्या दाराला गाय रेलून पसरट खड्डा पडलेला. मोरी तुंबल्यावर वापरतो तो रबरी पंप कडेला पाणी लावून चिकटवला आणि ओढला. चौथ्या झटक्याला पत्रा फट्कन बाहेर आला. उन्हात तिरकं बघितलं तर थोडी लाट दिसते, पण चालतंय.

खरी गंमत पुढच्या दाराची. तिथं बैलाचं शिंग लागून घडी पडलेली. लेकीचा हेअर ड्रायर दहा मिनिटं धरला, वर बर्फ चोळला. काही नाही. उकळतं पाणी ओतलं, तरी नाही. अहो, पाण्याच्या उष्णतेनं लोखंडी पत्रा मऊ होतो होय? घडी पडली तिथं तो ताणलेला असतो, तो आपल्या आपण मागं येत नाही. मी मात्र इरेला पेटलो. आतलं पॅड काढून लाकडी मोगरीनं ठोकलं. पोचा तसाच, वर रंगाचा टवका उडाला.

डेंटर म्हणाला, रंग शाबूत असता तर आतून सळईनं उचलून बघितलं असतं, आता रंगकामही आलं. उघडा पत्रा पावसात गंजणार, म्हणजे थांबायचीही सोय नाही.

माझा राग त्या व्हिडिओवाल्यांवर आहे. पोचा प्लास्टिकवर की पत्र्यावर, पसरट की घडीचा, हे एकजणही सांगत नाही. तुम्ही आधी फडक्यात गुंडाळून लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर उकळतं पाणी वाया घालवू नका. आणि घडी असेल तर मोगरीला हातच लावू नका.

रविवारी गिऱ्हाईक परत येतंय. दोन पोचे गेलेत, तिसरा मीच दाखवणार आहे. बघू किती कमी करतो.