परसांतील लांकूड आणि हिंवाळा

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या परसांतील जाईच्या मांडवाचा एक खांब, नातवंडें झोंपाळ्यावर बसलीं असतां, एकाएकीं कलला. मुलें थोडक्यांत बचावलीं. धाकटीच्या कोपरास खरचटण्यावरच निभावलें. खांब पाहूं गेलों तों वरून धडधाकट व तकतकीत, आणि जमिनीशीं मात्र त्याचा निव्वळ भुगा झालेला! दर दिवाळीस त्यावर रंगाचा हात फिरविणारे आम्हीच होतों. ह्या अपराधाची कबुली देऊनच आज वाचकांपुढें चार शब्द मांडीत आहों.

पाश्चात्य पुस्तकांत बागेंतील लांकडाचा हिंवाळ्यांतील शत्रु म्हणून बर्फाचें वर्णन असतें. आमच्या लिंबागणेशास बर्फ कोठला! बालाघाटावरील थंडी कोरडी. रात्रीं पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरावा आणि दुपारीं २८-३० पर्यंत चढावा, असा येथील प्रकार. पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगलेलें लांकूड ह्या कोरड्या हवेंत आकसतें. लांबीस तें फारसें आकसत नाहीं. आडवें आकसतें, आणि तेंही वलयांच्या दिशेनें अधिक, गाभ्याच्या दिशेनें सुमारें निम्में. ह्या विषम ओढीमुळें खांब उभे चिरतात आणि तुळईचे सांधे ढिले पडतात. पुढील मृगाचें पाणी ह्याच भेगांतून आंत उतरतें. सारांश, थंडी वाट करून देते आणि पाऊस त्या वाटेनें घरांत शिरतो.

लांकूड कुजणें म्हणजे त्यास बुरशीनें खाणें होय. लांकडांतील ओलावा शेंकडा २० हून कमी राहिला तर ही बुरशी सहसा वाढूं शकत नाहीं. जमिनीच्या पातळीस मात्र तिला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून पुरलेला खांब नेमका तेथेंच जातो. ‘सागास कांहीं होत नाहीं’ हा समज अर्धाच खरा आहे. टिकाऊ असतो तो सागाचा आंतील गाभा; बाहेरील फिकट भाग वाळवीसही चालतो आणि बुरशीसही.

म्हणून क्रम असा धरावा. दिवाळीपूर्वीं रंगाची घाई करूं नये. ओल्या लांकडावर रंग दिल्यास ओल आंत कोंडते. आमचें चुकलें तें येथेंच. मार्गशीर्षापर्यंत लांकूड वाळूं द्यावें. मग बुडाची माती उकरून अरीनें टोंचून पाहावें; अरी सहज रुतली तर त्या खांबावर विसंबूं नये. नवा खांब मातींत न पुरतां, जुन्या वाड्यांतल्याप्रमाणें दगडी तळखड्यावर उभा करून लोखंडी पट्टीनें जखडावा. नंतर दुपारच्या उन्हांत अळशीच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात द्यावे. कापलेल्या टोंकांस अधिक, कारण पाणी तेथूनच सर्वांत त्वरेनें शिरतें. ताडपत्रीनें लांकूड घट्ट गुंडाळूं नये.

अळशीचें नांव निघालें म्हणून सांगतों. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’त देवालयें, मूर्ति, विहिरी इत्यादिकांसाठीं ‘वज्रलेप’ सांगितला आहे. त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा ह्यांच्या जोडीस अतसी, म्हणजे आपली अळशी, आहेच. परंतु एक सावधगिरी अवश्य बाळगावी. हें तेल वाळतांना हवेंतील प्राणवायु ग्रहण करून तापतें. तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकल्यास तो आपोआप पेट घेऊं शकतो. त्या बाहेर उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्या, किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

आमचा नवा खांब तळखड्यावर उभा राहिला तेव्हां घरांतून एवढेंच ऐकूं आलें, “रंग मुलें देतील, आपण बूड तेवढें पाहत जा.” तूर्त तेंच काम आमच्याकडे आहे.