दोन चाकांची ओढ कीं चारहि चाकांची?

महिंद्राची 'थार' २०२३ सालापासून दोन्हीं तऱ्हांची मिळूं लागल्यावर वडवणीसारख्या गांवींहि घरोघर एक वाद निघतो. मागच्या दोन चाकांना ओढ देणारी गाडी घ्यावी, कीं चारहि चाकांना? "चारहि चाकांचीच घ्या, ती घसरत नाहीं," असें वडील मंडळी सांगतात. या समजुतींत सत्य किती व भ्रम किती, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण प्रश्न ऐटीचा नसून घरच्या माणसांच्या जिवाचा आहे.

टायरची जमिनीवरील पकड ही मोजक्या शिलकेसारखी असते. ओढण्यांत ती खर्च झाली, म्हणजे वळविण्यास कमी उरते. पहिल्या प्रकारांत मागचीं चाकें ओढ देतात व पुढचीं केवळ वळवितात. म्हणून वेगाच्या शौकिनांस ती गाडी हातांत बोलकी वाटते. वेग वाढवितांना भारहि मागें सरकून मागचीं चाकें अधिक दाबलीं जातात. उसाची ट्रॉली ओढीत चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हलकीं पडतात, तें आपण पाहतोंच. मात्र ओल्या वळणावर शक्ति अधिक दिली, कीं अशा गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. चारहि चाकांत तीच शक्ति वांटली गेली, तर गाडी शांतपणें पुढें जाते. परंतु मुळांत वेगच अधिक असेल, तर ती वळण्याऐवजीं सरळ बाहेर जाऊं लागते.

शर्यतींच्या इतिहासांत दोन्हीं पक्षांस पुरावा सांपडतो. ऑडीनें १९८० सालीं 'क्वाट्रो' ही चारहि चाकांची गाडी आणिली व १९८२ सालीं जागतिक रॅलींतील उत्पादकांचें विजेतेपद मिळविलें. पुढल्याच वर्षीं लॅन्सियाच्या '०३७' या मागच्या चाकांच्या गाडीनें तें हिरावून घेतलें. पण तसल्या गाडीस तो मान पुन्हां लाभला नाहीं. खडीवर व बर्फावर ओढीचें पारडें जड ठरलें.

आतां आपल्या रस्त्याकडे वळूं. पावसाळ्यांत काळ्या रानांतून आलेल्या ट्रॅक्टरांचा चिखल डांबरावर पसरतो. तेथून चारहि चाकांची गाडी झटकन् निघते. पण थांबविण्याचें काम ब्रेकांचें, आणि ते दोन्हीं प्रकारांत चारहि चाकांनाच असतात. निघतांना मिळालेला भरंवसा थांबतांना कामास येत नाहीं. उलट, मागचीं चाकें किंचित् घसरून जो इशारा आधीं देतात, तो येथें उशिरां मिळतो, आणि तोंवर वेग वाढलेला असतो.

सारांश, शेताच्या चिखलवाटेनें रोज जावें लागत असेल, तर चारहि चाकांची ओढ अवश्य घ्यावी. नुसत्या डांबरी रस्त्यासाठीं तोच पैसा उत्तम टायरांवर खर्चावा. आणि गाडी कोणतीहि असो, ओल्या वळणाच्या आधींच वेग कमी करण्याची संवय मुलांना लावावी. तिच्याइतका खात्रीचा आधार कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं.